पाद्री थॉमस स्टीफन्स आणि किनाऱ्याच्या खुणा

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें आपल्या धर्मग्रामाचा वृत्तांत लिहावा, अशी रीत आहे. तो वृत्तांत या पुस्तिकेंत इतरांनीं लिहिला आहे आणि माझ्याहून त्यांनाच तो अधिक ठाऊक आहे. पण स्मरणिकेच्या समितीच्या पहिल्या बैठकींत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, मोठ्या शहरांतील चर्चना सांगण्यासारखें पुष्कळ असतें. आपण वलगांवचे लोक. पेरणी, निंदण, कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी यांत आपलीं वर्षें गेलीं. चमत्कार नाहीं, मोठा प्रसंग नाहीं. तर देवानें आपल्याकरितां काय केलें म्हणून छापावयाचें? प्रश्न हंसत हंसत विचारला होता, तरी त्यांत थोडी खंत होती. मीं त्या वेळीं त्यांना नीट उत्तर दिलें नाहीं. हा लेख म्हणजे तें राहिलेलें उत्तर समजावें. आणि तें मी माझ्या शब्दांत न देतां एका थोर धर्मगुरूच्या चरित्राच्या आधारानें देत आहें.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील लंडनचे व्यापारी. त्या काळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य होतें आणि कॅथॉलिक धर्म उघडपणें पाळणें धोक्याचें झालें होतें. मिस्सा चोरून व्हावयाची, धर्मगुरूंनीं वेष पालटून हिंडावयाचें. तरुण स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड नांवाच्या एका संपन्न कॅथॉलिक गृहस्थाशीं स्नेह जडला. पाउंड मालक आणि स्टीफन्स त्यांचे चाकर, असें सोंग घेऊन हे दोघे सुमारें दोन वर्षें फिरले. दोघांनीं मिळून रोमला जावें व येशूसंघांत प्रवेश घ्यावा, असा बेत ठरला. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ च्या ऑक्टोबरांत येशूसंघांत दाखल झाले. मागें राहिलेल्या मित्राला ते विसरले नाहींत. वरिष्ठांकडे अर्ज करून, पाउंड तुरुंगांत असतांनाच त्यांना येशूसंघांत घेण्याची परवानगी त्यांनीं मिळविली.

१५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस लिस्बनहून पांच जहाजांचा ताफा गोव्यास निघाला, त्यांत स्टीफन्स होते. या प्रवासाची हकीकत त्यांनीं त्याच वर्षीं १० नोव्हेंबरला गोव्याहून आपल्या वडिलांना कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें म्हणून आज आपणांस उपलब्ध आहे. आम्हां धर्मगुरूंच्या पत्रांत उपदेश फार असतो. या पत्रांत तो जवळजवळ नाहीं. त्यांत वारे आहेत, समुद्राचे प्रवाह आहेत, पाण्यावरून उडणारे मासे, मुशी आणि तिच्या सोबतीनें फिरणारे लहान मासे, जहाजाच्या मागें येणारे मोठे पक्षी आहेत. वाटेंत खलाशांच्या हिरड्या सुजल्या, पाय सुजले, अंग ठणकूं लागलें. १५० हून अधिक माणसें आजारी पडलीं, त्यांपैकीं २७ दगावलीं; आणि त्या काळच्या प्रवासांच्या मानानें हा आंकडा लहानच समजला गेला, हेंही त्यांनीं नोंदविलें आहे.

या पत्रांतील एक भाग मीं कितीदां तरी वाचला आहे. उत्तरेस किंवा दक्षिणेस आपण किती आलों, हें सूर्यावरून व ताऱ्यांवरून मोजतां येत असे. पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आलों, हें मोजावयाला मात्र आकाशांत एकही स्थिर खूण नव्हती. त्यामुळें झालें असें कीं, आपण हिंदुस्थानाजवळ आलों असें सुकाणूवाल्यांना वाटत असतां जहाज प्रत्यक्षांत तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं, सोकोत्रा बेटाच्या बाजूस वाहवत गेलें होतें. पिण्याचें पाणी सरत आलें, अन्न सरत आलें. अशा वेळीं खलाशी क्षितिजाकडे पाहत नाहींत. ते पाण्याकडे पाहतात. प्रथम हिंदुस्थानच्या बाजूचे ओळखीचे पक्षी दिसले. मग ताडामाडाच्या झांवळ्या व लव्हाळें वाहत आलें. मग पाण्यांत पोहणारे साप, आणि जणूं टांकसाळींत छाप मारलेलें एखादें नाणें असावें तसा एक वाटोळा जिन्नस लाटांवर तरंगतांना दिसला. या शेवटच्या दोन खुणा दिसल्या कीं वारा अनुकूल असल्यास दुसऱ्या दिवशीं जमीन दिसणारच, असा खलाशांचा अनुभव होता. तसेंच झालें. २४ ऑक्टोबर रोजीं जहाज गोव्यास लागलें.

नवख्या माणसाला त्यांत केवळ पालापाचोळा आणि एक साप दिसला असता. किनारा तेव्हां कोणालाच दिसत नव्हता. पण तो होता, आणि तो आपल्याजवळच्या वस्तू समुद्रांत दूरवर पाठवीत होता. तीस वर्षांचा हा तरुण या गोष्टी लिहून ठेवण्याजोग्या समजला, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे. कारण पुढील चाळीस वर्षें त्यांनीं दुसरें कांहीं केलें नाहीं, असें म्हटलें तरी चालेल.

गोव्यांत आल्यावर त्यांना साष्टी प्रांतांत पाठविण्यांत आलें. (ही गोव्यांतील साष्टी, मुंबईजवळची नव्हे.) मडगांव, राशोल आणि आसपासचीं खेडीं हेंच त्यांचें जग झालें. कांहीं काळ ते तेथील येशूसंघाच्या विद्यालयाचे प्रमुख होते. परंतु आयुष्याचा मोठा भाग गांवच्या धर्मगुरूचें साधें काम करण्यांत गेला. बाप्तिस्मे, लग्नें, आजाऱ्यांच्या भेटी, मृतांचीं दफनें आणि रविवारची धर्मशिकवण. चरित्रकारांना या दीर्घ काळाविषयीं फार थोडें लिहितां येतें. जें रोज घडतें तें कोणी लिहून ठेवीत नाहीं. आमच्या समितीची अडचण हीच नव्हती काय?

एक प्रसंग मात्र इतिहासांत नोंदला गेला आहे. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती अशा चार इंग्रजांना होर्मुझ येथें पकडून गोव्याच्या तुरुंगांत आणून टाकलें. परक्या मुलखांत त्यांची भाषा जाणणारा कोण? स्टीफन्स यांनीं त्यांच्यासाठीं खटपट केली आणि जामीन मिळून ते सुटले. ज्या इंग्लंडांत स्टीफन्स यांच्या जिवलग मित्राला धर्मासाठीं कोंडून ठेवलें होतें, त्याच इंग्लंडचे हे व्यापारी होते. हिंदुस्थानांत येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचें नांव घेतात, तें खरेंच आहे. पण मला त्यांचा हा तुरुंगाच्या दाराशीं घातलेला हेलपाटा अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्या काळची साष्टी सुखी नव्हती, आणि हें आज आपण लपवूं नये. पोर्तुगीज सत्तेनें १५६७ च्या सुमारास तेथील हिंदूंचीं शेंकडों देवळें पाडलीं होतीं. पुष्कळांनीं श्रद्धेनें बाप्तिस्मा घेतला, पुष्कळांनीं भयानें घेतला. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं फादर रुदोल्फ अक्वाविवा, त्यांचे चार येशूसंघीय सोबती आणि त्यांच्याबरोबरचे कांहीं ख्रिस्ती लोक यांना ठार केलें. त्या पांच जणांना १८९३ सालीं ख्रिस्तसभेनें धन्य म्हणून घोषित केलें. पण गोष्ट तेथें संपत नाहीं. पुढें कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून घेऊन पोर्तुगीजांनीं त्यांचा वध केला. मारल्या गेलेल्या सोबत्यांचीं शरीरें परत मिळविण्याच्या कामीं स्टीफन्स होते. तीं शरीरें त्यांनीं पाहिलीं. त्यानंतर एखादा माणूस त्या लोकांकडे पाठ फिरविता, तर त्याला कोण दोष देतें?

त्या रक्तपातानंतर तीनच महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, त्यांनीं आपल्या रिचर्ड नांवाच्या भावाला लॅटिन भाषेंत एक पत्र लिहिलें. त्यांत ते या देशांतील भाषांविषयीं लिहितात. त्यांचा उच्चार कानाला अप्रिय नाहीं, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांना आढळलें. हें नातें युरोपांतील पंडितांच्या नीट ध्यानांत येण्यास पुढें दोनशें वर्षें लागलीं. त्याच पत्रांत नारळाच्या झाडाचें वर्णन आहे: त्यापासून तेल निघतें, ताडी निघते, गूळ होतो, शिरका होतो, दोर वळतात, छपरें शाकारतात. दुःखाचा भर ओसरला नसतां या माणसाची नजर शेजाऱ्याच्या अंगणांतील माडावर आणि त्याच्या तोंडच्या शब्दावर होती. ज्यांच्या हातून आपले सोबती गेले त्यांचीच भाषा तो शिकत होता.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. नवख्रिस्ती लोकांना आपलीं जुनीं पुराणें ऐकण्याची मनाई झाली होती. हुकूम काढणाऱ्यांना एक गोष्ट सुचली नाहीं: पुराण हें केवळ पुस्तक नव्हे. संध्याकाळीं दिव्याजवळ घरचीं माणसें जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, लेकरें मांडीवर झोंपी जातात. तें सर्व गेलें आणि त्या जागीं कांहींच आलें नाहीं. चर्चमध्यें प्रार्थना होती, पण ती लॅटिनमध्यें. अधिकाऱ्यांची भाषा पोर्तुगीज. देव पोर्तुगीजांच्या घरीं राहतो आणि आपल्याकडे रविवारपुरता येतो, असें त्या लोकांना वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं. घरांत चूल पेटते, जातें फिरतें, पोर जन्मतें, म्हातारा मरतो. यांत देव कोठें आहे, हें सांगावयाला त्यांच्यापाशीं एक ओंवीही उरली नव्हती.

पुराणाच्या आरंभींच स्टीफन्स यांनीं त्यांची ही मागणी सांगितली आहे. एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्याला विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्या धर्तीचें दुसरें पुराण आम्हांस कां करून देत नाहीं? या प्रश्नांत गाऱ्हाणें आहे, आणि तें न्याय्य आहे. दुसऱ्या एखाद्या पाद्र्यानें त्याला प्रश्नोत्तरी पाठ करावयास सांगितली असती. स्टीफन्स यांनीं तें गाऱ्हाणें ऐकलें, आणि त्याच्या उत्तरादाखल जवळजवळ ११,००० ओंव्या लिहिल्या.

ओंवीच कां? ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका ओंवींत लिहिली, स्टीफन्स यांचे समकालीन एकनाथ महाराज यांनीं भागवत ओंवींत सांगितलें. पण त्याच्याही आधीं ओंवी बायकांची होती. पहांटे जात्यावर म्हणावयाची होती. जो छंद घरांत आधींच होता त्यांतच त्यांनीं जगाच्या उत्पत्तीपासून प्रभु येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा बसविली. पहिल्या पुराणाचे ३६ भाग, दुसऱ्याचे ५९. भाषा मराठी, आणि साध्या माणसांना समजावें म्हणून तींत त्यांच्या घरच्या बोलीचे शब्द मिसळलेले. स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ म्हटलें. मराठी भाषेची त्यांनीं केलेली स्तुति अनेकांना ठाऊक आहे. त्या स्तुतींत त्यांनीं उपमा कशाकशाच्या दिल्या हें कोणी पाहत नाहीं. रत्नांचा व आकाशांतील ग्रहताऱ्यांचा भाग सोडला तर फूल, पक्षी, झाड, सुगंध, म्हणजे गांवांत चालतां चालतां जें भेटतें तेंच.

हें काम उरकून टाकण्यासारखें नव्हतें. १६०८ च्या डिसेंबरांत त्यांनीं रोमला आपल्या प्रमुखांस पत्र लिहून एक जुनी इच्छा कळविली: या लोकांचीं पुस्तकें त्यांच्याच लिपींत छापावीं. अडचण अशी कीं जोडाक्षरें वगैरे धरून सुमारें ६०० ठसे पाडावे लागतील. पण युक्ति केल्यास २०० त भागेल, असा हिशेब त्यांनीं मांडला होता. साठीला आलेला पाद्री खिळ्यांचा हिशेब करीत बसला आहे, हें चित्र मला फार आवडतें. ते ठसे झालेच नाहींत. १६१६ सालीं राशोलच्या छापखान्यांत पुराण छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. रविवारीं आणि सणावारीं मिस्सेनंतर चर्चमध्यें त्याचें वाचन होऊं लागलें. तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, स्टीफन्स गोव्यांत वारले. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ सालीं आणि कोंकणी भाषेचें व्याकरण १६४० सालीं, म्हणजे दोन्ही त्यांच्या मरणानंतर छापलीं गेलीं.

जगाच्या हिशेबानें पाहिलें तर या आयुष्यांत काय हातीं लागलें? मित्र तुरुंगांत राहिला. सोबती मारले गेले. लिपीची इच्छा अपुरी राहिली. १६८४ सालीं तर पोर्तुगीज सरकारनें लोकांची भाषाच बंद पाडण्याचा हुकूम काढला. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन छापील आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकीं एकाही आवृत्तीची एकही प्रत आज सांपडत नाहीं.

परंतु लोकांनीं तें हातानें उतरून घेतलें होतें. गोव्याहून दक्षिणेस गेलेलीं ख्रिस्ती कुटुंबें आपल्या बोचक्यांतून तें मंगळूरकडे घेऊन गेलीं. १७८४ सालीं टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां बंदिवासांत याच पुराणानें त्यांना धीर दिला, अशी परंपरागत समजूत आहे. तेथें ना चर्च होतें, ना मिस्सा. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्दान्हा यांनीं हातानें लिहिलेल्या प्रतींवरून पुराण पुन्हा छापलें. लंडनमध्यें एक देवनागरी हस्तलिखितही उजेडांत आलें. आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति निघाली. स्टीफन्स यांच्या पत्रानंतर ३४८ वर्षांनीं त्यांचें पुराण त्यांना हव्या असलेल्या अक्षरांत छापलें गेलें. आपला अमरावती धर्मप्रांत त्याच्या आदल्याच वर्षीं स्थापन झाला होता.

आम्हां वऱ्हाडांतील ख्रिस्ती लोकांना गोवा दूर वाटतो. पण ज्या मराठीनें स्टीफन्स यांना जवळ केलें तिचें माहेर आपल्या अंगणांत आहे. वलगांवाहून फार दूर नसलेल्या ऋद्धपुरांत तेराव्या शतकांत महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. त्यांनींही आपल्या स्वामींचें उठणें, बसणें, जेवणें, वाटेनें चालणें एवढेंच लिहून ठेवलें. साध्या गोष्टी लिहिण्याजोग्या आहेत हें मराठीला पहिल्यापासून ठाऊक होतें.

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सेमिनरींत असतांना मीं हें पुराण वाचलें तें परीक्षेपुरतें. पुढें धर्मगुरू झाल्यावर, एका खेड्यांत अंथरुणास खिळलेल्या एका आजींना ख्रिस्तप्रसाद देण्यास मी दर महिन्याला जात असें. मी प्रार्थना म्हणें, त्या हात जोडून ऐकत, आणि मी निघतांना त्या हलक्या आवाजांत कांहींतरी गुणगुणत. मी नेहमीं घाईंत असें. दीड वर्षानंतर एकदां पावसामुळें अडकून पडलों, तेव्हां तें गुणगुणणें प्रथमच नीट कानीं आलें. त्या जात्यावरच्या ओंव्या होत्या. जातें केव्हांच माळ्यावर गेलें होतें. ओंव्या राहिल्या होत्या. माहेरची वाट, भावाचा बैल, लेकाचें आजारपण, सर्व जुनेंच. फक्त मधून मधून येशूचें व मरियामाउलीचें नांव येई, आणि तें इतक्या सहजपणें, कीं तें पहिल्यापासून तेथेंच असावें. अक्षर ओळख नसलेल्या या बाईंना स्टीफन्स यांचें नांवही माहीत नव्हतें. मी प्रसाद घेऊन जात होतों तो जणूं देव त्या घरीं माझ्याबरोबर प्रथमच जात आहे, अशा थाटांत. तो माझ्या कितीतरी आधीं तेथें होता. झांवळी माझ्या डोळ्यांसमोरून वाहत गेली होती आणि मी क्षितिजाकडे पाहत होतों. त्या आजी आतां नाहींत. त्यांच्या ओंव्या कोणी लिहून घेतल्या नाहींत, मींही नाहीं.

समितीच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मीं हें सर्व सांगितलें. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले कीं त्यांच्या आईलाही अशा ओंव्या येत, आणि त्यांतल्या दोन-तीन त्यांना अजून आठवतात. त्या आम्हीं उतरून घेतल्या आहेत. त्यांत शब्द कोठें अडले तेथें त्यांच्या बहिणीला निरोप धाडला आहे.

ज्युबिलीच्या उत्सवानंतर, दर रविवारीं सायंकाळीं सहा वाजतां, चर्चच्या ओसरीवर ख्रिस्तपुराणाचें वाचन सुरू करण्याचें ठरलें आहे. एक अवस्वरू वाचावा, अवघड शब्दांचा अर्थ सांगावा आणि मग ज्यांना घरच्या ओंव्या येतात त्यांनीं त्या म्हणाव्या. लिहून घेण्यासाठीं एक वही ठेविली आहे. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं कृपा करून पुढें बसावें.